कलम 2(ड)मधली गल्ली

1981च्या पावसाळ्यात मी फोर्टातल्या एका सॉलिसिटर कचेरीत टायपिस्ट होते. खिडकीतून राजाबाई टॉवरचा वरचा अर्धा भाग दिसे. मशीनवर एका वेळी चार प्रती काढायच्या, म्हणजे मध्ये तीन कार्बन. त्या दिवशी एका मसुद्यात 1956च्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कायद्यातलं कलम 2(ड) उतरवून घ्यायचं होतं. कायद्याचं इंग्रजी बोटांना सवयीचं झालेलं असतं, डोकं लागत नाही. बोटं आपली धावत होती, ती एकदम अडखळली. ‘ऑप्शन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या होती आणि तिच्यात ओळीने शब्द होते: तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली. पुट आणि कॉल हे साहेबाचे शब्द त्यांच्या मागून. मी मुगभाटात राहणारी. ज्या शब्दातून रोज घरी जायचं तो संसदेने कायद्यात नेऊन बसवलेला पाहून मला हसू आलं, हात चुकला आणि चारही प्रती फुकट गेल्या. त्याबद्दल हेडक्लार्कचं ऐकूनही घेतलं.

घरी आल्यावर मामंजींना विचारलं. माझे सासरे 1930पासून काळबादेवीच्या एका कापूस-पेढीवर कारकून होते. त्यांच्याखेरीज विचारायचं कुणाला?

“मामंजी, बाजारात गल्ली म्हणजे काय हो?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “तुला कुणी दाखवली गल्ली?”

“कायद्यात आहे.”

“कायद्यात!” ते बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, “अगं, आत शिरल्यावर बाहेरची वाट दुसऱ्याला विचारावी लागते, ती गल्ली.”

गल्लीबद्दल याहून जास्त त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. तेजी-मंदीबद्दल मात्र त्या पावसाळ्यात, जेवणं उरकून मी भांडी विसळत असताना, मोरीच्या दाराशी पाट टाकून ते रोज थोडं थोडं सांगत गेले.

समज, भडोच कापसाचा भाव 200 रुपये खंडी. खंडी म्हणजे 784 पौंड. तुला वाटतंय भाव चढणार, पण माल उचलायची ऐपत नाही आणि भाव पडला तर भरायचीही नाही. मग तू मला 5 रुपये दे. त्याच्या बदल्यात ठरल्या दिवसापर्यंत 200ने कापूस मागायचा हक्क तुझा. भाव 230 झाला तर तू हक्क बजावणार, 180 झाला तर घरी बसणार. तुझे गेले ते पाचच. ही तेजी. विकायचा हक्क घेतलास तर ती मंदी. भाव हलणार एवढंच कळतंय, कुठे ते कळत नाही, असं असेल तर दोन्ही घे, ती तेजी-मंदी. ते 5 रुपये म्हणजे नजराणा. देणारा तो लावणारा, घेणारा तो खाणारा.

“खाणाऱ्याचं बरं असतं,” ते म्हणायचे. “रोज एक घास मिळतो. एक दिवस तो घशात अडकतो.”

त्यांच्याही घशात अडकला होता, हे मला सासूबाईंकडून कळलं. 1939च्या उन्हाळ्यात मामंजींनी पेढीवरच्या ओळखीत लहानशी तेजी खाल्ली होती. सप्टेंबरात युरोपात लढाई पेटली आणि कापूस उसळला. पेढीचा पोऱ्या निरोप घेऊन घरी आला. फरक भरायला सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. पुढे चाळीस वर्षं त्या बाईने तो विषय भांडणातसुद्धा काढला नाही. फक्त मामंजी बाजाराबद्दल बोलायला लागले की ती उठून गॅलरीत जायची.

त्याच साली मुंबई सरकारने कापसातल्या ऑप्शनवर बंदी घातली. मामंजींच्या मते बंदी तीन महिने आधी आली असती तर बरं झालं असतं.

आता हे सगळं मुंबईतच एवढं का रुजलं, तर कापसामुळे. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, तो आपल्या उमरावतीचा, म्हणजे अमरावतीचा, अपभ्रंश. पेरणी जूनमध्ये, वेचणी दिवाळीच्या पुढेमागे, गठ्ठे बंदराला लागणार त्याहून उशिरा, आणि त्यातून ते बोटीने सातासमुद्रापार जाणार. एवढ्या लांबणीत भाव कुठे जाईल याची धास्ती प्रत्येक हाताला होती. वायदा त्या धास्तीतून आला, आणि वायद्याचा पूर्ण भार न पेलणाऱ्यासाठी तेजी-मंदी आली. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. तिथे आज ग्रीन काही नाही आणि कॉटन तर नाहीच, पण कुलाब्याहून उठून पोर्ट ट्रस्टच्या जागेत शिवरीला गेलेला तो बाजार मामंजींनी भर जोरात पाहिला होता. कुठलाही सौदा कानावर आला की त्यांचा पहिला प्रश्न भावाचा नसे. “मुदत किती?” असं ते विचारत. आंबेवाल्यालासुद्धा: पिकायला मुदत किती?

1939च्या आधीचा मोठा धक्का 1865चा. अमेरिकेत यादवी चालू असताना तिथला कापूस बंद झाला, इथला सोन्याच्या भावाने गेला, आणि आलेल्या पैशांवर मुंबईने कंपन्यांमागून कंपन्या काढल्या. समुद्र भरून काढायची बॅक बे कंपनी त्यातली सगळ्यांत गाजलेली. शेअर आज घ्यायचे आणि पैसे पुढच्या तारखेला, असे मुदतीचे सौदे बेसुमार झाले. एप्रिलमध्ये तिकडची लढाई संपली आणि हिशेबाचा दिवस होता 1 जुलै 1865. त्या दिवशी कोणीच कोणाचं देणं भागवू शकलं नाही. त्या लाटेचे राजे प्रेमचंद रायचंद हेही बुडाले, पण त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा टॉवर पुढे उभा राहिला. मी त्याच टॉवरच्या घड्याळाकडे बघत कलम 2(ड) टाइप करत होते, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं. दलाल लोक टाउन हॉलसमोरच्या वडाखालून हलत हलत 1874 मध्ये दलाल स्ट्रीटवर आले, 1875 मध्ये त्यांची संघटना झाली. ही गोष्ट सगळ्यांनी शंभरदा वाचलेली असते, म्हणून मी पुढे जाते.

मला जास्त मजा वाटते ती कोर्टातल्या भांडणाची. 1872च्या करार कायद्याचं कलम 30 म्हणतं की पैजेचा करार रद्दबातल. पैज हरलेल्यावर फिर्याद करून पैसे वसूल करता येत नाहीत. मग तेजी-मंदी ही पैज की करार? हरलेला माणूस साहजिकच हायकोर्टात जाऊन शपथेवर सांगे, की महाराज, हा निव्वळ जुगार होता. जिंकलेला सांगे की नाही, हा चोख व्यापार. न्यायाधीश एकच कसोटी लावत: माल द्यायचा-घ्यायचा इरादा दोघांच्या मनात होता का? की दोघांनाही फक्त भावातला फरक मोजून मोकळं व्हायचं होतं? गठ्ठा प्रत्यक्षात हलला नाही तरी चालेल, पण हलवायची तयारी हवी. मनातल्या तयारीचा पुरावा काढणं म्हणजे वकिलांचं घर चालणं. आमच्या कचेरीतल्या जुन्या निवाड्यांच्या खंडांत अशा खटल्यांची पानं इतकी उलटलेली होती की कोपरे काळे पडले होते.

कापसाचे आकडे गिरणगावातही पोचले होते, पण दुसऱ्या वाटेने. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेने मुंबईत येई, आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. 1961च्या सुमारास ते भाव येणं बंद झालं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायची युक्ती निघाली आणि त्याचा मटका झाला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द ज्यांनी लालबागच्या नाक्यावर ऐकले त्यांना ते कापसाच्या गठ्ठ्यातून निघालेत हे ठाऊक नसे. इथे मात्र कसोटी लावायची गरज नव्हती. माल द्यायचा-घ्यायचा इरादा कुणाच्याही मनात नव्हता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा प्रश्न सोडवायच्या भानगडीत न पडता दारच लावून घेतलं. 1952च्या कायद्याने मालातले ऑप्शन बंद, 1956च्या कायद्याच्या कलम 20ने शेअरांतले बंद. बंदी घालायची तर कशावर घालतोय ते सांगायला हवं, म्हणून व्याख्येत बाजाराचे शब्द जसेच्या तसे उचलले. दलाल स्ट्रीटच्या आसपास हे व्यवहार तोंडी चालूच राहिले. त्यांचं काम बरंचसं बदल्याने केलं, म्हणजे हिशेबाच्या दिवशी सौदा न मिटवता व्याज देऊन पुढे ढकलायचा.

आम्ही इथे दार लावून बसलो असताना 26 एप्रिल 1973ला शिकागोत ऑप्शनचा पहिला रीतसर बाजार उघडला. 16 कंपन्या, फक्त तेजी, मंदी नाही, आणि पहिल्या दिवशी 911 करार. तिथली एक गोष्ट माझ्या कामाची. 1990 मध्ये त्याच बाजाराने लांब मुदतीचे, दोन-तीन वर्षं चालणारे ऑप्शन काढले. तिकडचे हौशी लोक आज निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांवर असे ऑप्शन घेऊन ठेवतात आणि बागकामाला लागतात. आपल्याकडे फंडावर ऑप्शन नाही, थेट निफ्टीवर आहे.

आपलं दार किलकिलं झालं 1995 मध्ये. कलम 20 काढून टाकलं. पण खोलीला दुसरी कडी होती, 1969च्या अधिसूचनेची, ती निघायला 2000 साल उजाडलं. मधल्या काळात एल. सी. गुप्ता समिती बसली, अहवाल आला, आणि 1999च्या डिसेंबरात कायद्यात कलम 18अ घुसलं. तेही एका मसुद्यात मीच टाइप केलं, पण आता संगणकावर, त्यामुळे चूक झाली तरी कागद गेला नाही. ते कलम म्हणतं, बाकी कुठल्याही कायद्यात काहीही असो, मान्यताप्राप्त शेअरबाजारात झालेला डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे वायद्याचा किंवा ऑप्शनचा, करार कायदेशीर आणि वैध.

‘काहीही असो’ हे शब्द मी दोनदा वाचले. शंभर-सव्वाशे वर्षं कोर्टाने विचारलं, माल द्यायचा इरादा आहे का? आणि आता जी वस्तू आली ती निफ्टी! पन्नास शेअरांचा हिशेब करून काढलेला एक आकडा. आकड्याचा गठ्ठा बांधून कोणी कोणाच्या गोदामात टाकणार नाही. फरक मोजून मोकळं व्हायचं, एवढंच त्यात शक्य. जुन्या न्यायाधीशांच्या कसोटीवर जी गोष्ट कधीच पास झाली नसती ती पहिल्यांदा कायदेशीर झाली. जून 2001 मध्ये निर्देशांकावरचे ऑप्शन सुरू झाले, पुढच्याच महिन्यात बदला संपला. मामंजी तेव्हा नव्हते. असते तर म्हणाले असते, गल्लीला पाटी लागली.

मुदत मात्र तीनच महिने होती. मार्च 2008 मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने निफ्टीवर तीन वर्षांपर्यंतचे लांब ऑप्शन आणले. पेपरात आतल्या पानावर ती बातमी आली आणि मी कापून ठेवली. माझ्या हातात भिशीचे पैसे आले होते. मनात म्हटलं, आपण लावायचं, खायचं नाही. चर्नी रोडला दलालाच्या ऑफिसात गेले. तिथला मुलगा चांगला होता. म्हणाला, “काकू, डिसेंबर 2009? हे कोणी घेत नाही. चालू महिन्याचं घ्या ना.” समोर विकणारा मिळायला दोन दिवस गेले. शेवटी निफ्टीची 5,000ची तेजी मिळाली, नजराणा 910, लॉट 50चा. म्हणजे 45,500 रुपये. घरी फक्त भिशी मोडली एवढंच सांगितलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 27 ऑक्टोबरला निफ्टी 2,252ला टेकला. माझ्या तेजीला स्क्रीनवर भावच दिसेना. घेणारा नाही, देणारा नाही, नुसत्या रेघा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या महिन्यात चाळीतल्या दोघांना, वायदे धरून बसलेल्यांना, दलालाचे रोज फोन येत होते, पैसे भरा, पैसे भरा. मला एकही नाही. 1939त जो पोऱ्या निरोप घेऊन आला होता तो माझ्या दाराशी आला नाही. माझं जायचं ते पहिल्याच दिवशी जाऊन चुकलं होतं.

मग 18 मे 2009. निवडणुकीचा निकाल लागला होता. बाजार उघडला, काही सेकंदांत वरचं सर्किट, थांबला. पुन्हा उघडला, पुन्हा सर्किट, आणि दिवसभरासाठी बंद. माझ्या रेघांच्या जागी आकडे आले. मी विकलं नाही. मुदत आहे, म्हटलं. 31 डिसेंबर 2009, शेवटचा गुरुवार, निफ्टी 5,201ला बंद झाला.

म्हणजे एवढा प्रलय होऊन गेला आणि वीस महिन्यांनी निफ्टी मी म्हटलं त्याच्या वरच होता. माझं म्हणणं खरं ठरलं आणि मला मिळाले 201 गुणिले 50, दहा हजार पन्नास. 35,450 गेले. बरोबर असायला मला 5,000 पुरत होते. पैसे परत यायला 5,910 लागणार होते. नजराणा कापराच्या वडीसारखा असतो. डबी उघडली नाही तरी उडतोच. लांब मुदतीत सावकाश उडतो, एवढाच फरक. हे मामंजींनी पाच रुपयांच्या हिशेबात सांगितलं होतं, पण पाच रुपये म्हणजे मला तेव्हा भांडी विसळताना ऐकायची गोष्ट वाटली होती.

मी वही केली. दर वर्षी एक, डिसेंबरचाच, भिशीच्या पैशातून. इतर बायका पैठणीला साठवतात. बहुतेक वर्षी पैसे गेले. 2013च्या सप्टेंबरात पुढल्या वर्षाची 6,000ची तेजी घेतली होती, ती 2014च्या मेमध्ये निकालाच्या आठवड्यात दुपटीहून जास्त भावाने विकली. डिसेंबरपर्यंत थांबले असते तर आणखी मिळाले असते, पण वहीत असे रकाने मी ठेवलेले नाहीत. त्या पैशांच्या पाटल्या केल्या, वजनाला हलक्या. सासूबाई तोवर नव्हत्या.

लांब मुदतीचे हे ऑप्शन आपल्याकडे कधी नीट चालले नाहीत. मला वाटतं, कारण साधं आहे. कापसाची मुदत आभाळ ठरवायचं. बी रुजल्याशिवाय आणि बोंड फुटल्याशिवाय भावाचा निकाल लागत नसे, त्यामुळे खाणाऱ्यालाही तेवढे महिने दम धरावा लागे. आकड्याला ऋतू नाही. त्याची मुदत बाजार ठरवतो, आणि बाजाराला वर्षातून एकदा नजराणा खाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खाणं सोयीचं. 2019 मध्ये निफ्टीचे आठवड्याचे ऑप्शन आले आणि सगळी गर्दी तिकडे वळली. सेबीने 2024 मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या दर शंभर व्यक्तींमधल्या 93 तोट्यात, एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. मग करार मोठा केला, किमान 15 लाखांचा. लहान माणसाने लांब राहावं म्हणून. त्याने आठवडेवाले हटले की नाही ते सेबी बघेल. माझी भिशी मात्र हटली. दोन वर्षांपुढच्या डिसेंबरचा नजराणा आता लाखांत जातो. वहीत मी दर शुक्रवारी फक्त भाव उतरवते.

कलम 2(ड) अजून तिथेच आहे. बंदीचं कलम निघालं, पण व्याख्या कुणी हलवली नाही, त्यामुळे तेजी, मंदी आणि गल्ली तिघी कायद्यात नांदतायत. नातवाला ते दाखवावं म्हणून गेल्या महिन्यात, मंगळवारी, मी जुनं पुस्तक काढलं होतं. तो जेवायला आला होता, डाव्या हातात फोन. मी ओळ वाचून दाखवली, त्याला मजा वाटली. म्हणाला, “आजी, मी पण घेतलाय एक कॉल.”

“मुदत किती?”

“मुदत म्हणजे? एक्स्पायरी का? आजचीच.”

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले होते. त्याने आमटी वाढून घेतली आणि फोन ताटाच्या कडेला टेकवून ठेवला.